सईने इम्युनॉलॉजी घ्यावं की नाटकाचा क्लास?

"डॉक्टरताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी सोफोमोर आहे, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, बायोलॉजी मेजर, प्री-मेड (कॉलेज झाल्यावर मेडिकल स्कूलला जायची तयारी), जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, चारपैकी ३.८ च्या आसपास. पुढच्या सेमिस्टरला ऑर्गॅनिक केमिस्ट्री टू आणि फिजिक्स ठरलेलंच आहे, पण दोन इलेक्टिव्हच्या, म्हणजे आपल्या आवडीने निवडायच्या विषयांच्या, जागा रिकाम्या आहेत. मी आणि तिचे बाबा म्हणतोय की जेनेटिक्स आणि इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशक्तीचा विषय) घे, मेडिकल स्कूलच्या इंटरव्ह्यूला उपयोगी पडेल. ही म्हणते बायोएथिक्स (वैद्यकीय नीतिशास्त्र) आणि इम्प्रॉव्ह, म्हणजे चक्क नाटकाचा क्लास, आणि वर म्हणते इंटरव्ह्यूसाठीच घेतेय. आमच्या मंडळातल्या एका मुलाला एवढे मार्क असून तीन इंटरव्ह्यू झाले तरी कुठेच ॲडमिशन मिळाली नाही, तेव्हापासून मला धडकीच भरलीये. आमची मुलगी लहानपणापासून तशी अबोल. सध्या सासूबाई आल्यात, त्या म्हणतात नाटकंच करायची तर त्यासाठी अमेरिका कशाला. काय करावं? – एक आई"

अहो ताई, सासूबाईंचं वाक्य वाचून आधी हसले आणि मग जरा ओशाळले, कारण पंचवीस वर्षांपूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मीही तेच म्हणाले असते. उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे तुम्हाला आज झोप लागेल: बायोएथिक्स घेऊ द्या, इम्प्रॉव्हही घेऊ द्या, जेनेटिक्स पुढच्या वर्षी, आणि इम्युनॉलॉजी तिला मनापासून आवडत असेल तरच. आता हे का, ते सांगते, आणि ते लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही आणि सईचे बाबा (तुम्ही नाव लिहिलं नाहीत, मी तिला सई म्हणतेय) इंटरव्ह्यू म्हटलं की व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, डोळ्यासमोर आणताय. मी मिरजेला एमबीबीएस केलंय त्यामुळे ते चित्र मला पाठ आहे. टेबलापलीकडे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, बरणीत तरंगणारं स्पेसिमेन, हातात दिलेलं हाड उजवं की डावं इथून सुरुवात, आणि उत्तर येत नसेल तर खाली मान घालून पुढच्या प्रश्नाची वाट बघायची. तिथे माहिती विचारतात. इथे इंटरव्ह्यूला अँटीबॉडीचे प्रकार किती हे सहसा कुणी विचारत नाही, कारण ते मोजून झालेलं असतं, एमकॅटने, म्हणजे मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेने, मोजलंय ४७२ ते ५२८ च्या पट्टीवर, आणि कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, त्यांच्याकडे आहेच. इंटरव्ह्यूला बोलावलं म्हणजे अभ्यासाचं त्यांनी बघून घेतलंय, आता त्यांना हे बघायचंय की या मुलीला उद्या पेशंटच्या खोलीत एकटं सोडलं तर ती काय करेल, काय बोलेल, आणि समोरच्याने "नाही" म्हटलं तर तिचा चेहरा कसा होईल.

हे मला फार उशिरा कळलं. रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलमध्ये करायच्या ट्रेनिंगच्या, माझ्या पहिल्याच इंटरव्ह्यूत एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं की कामाव्यतिरिक्त तुम्हाला काय करायला आवडतं, आणि मी ताठ बसून सांगितलं की मी मेडिसिनची टेक्स्टबुकं वाचते. ते हसले. मला वाटलं खूश झाले. घरी येऊन नवऱ्याला अभिमानाने सांगितलं तर तो दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिला. तिथे माझी निवड झाली नाही हे वेगळं सांगायला नको. पण खरी गंमत अशी की मला तेव्हा भावगीतं ऐकायचा नाद होता, ड्युटीवरून येताना बसमध्ये ऐकायचे, त्यावर मी अर्धा तास बोलले असते, पण "ते काय सांगायचं" असं वाटलं.

सईला पुष्कळ ठिकाणी ज्या पद्धतीचा इंटरव्ह्यू द्यावा लागेल त्याला एमएमआय म्हणतात, मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू. हा मूळचा कॅनडातल्या हॅमिल्टनचा, मॅकमास्टर युनिव्हर्सिटीतला, २००४ साली त्यांनी त्यावर पेपर छापला आणि मग बघता बघता अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया सगळीकडे गेला. त्यामागचा विचार साधा आहे, एकाच माणसाने एकाच खोलीत पाऊण तास बोलून दिलेल्या मार्कांवर किती विसंबायचं? गाववाला निघाला तरी मार्क वाढतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून आठ-दहा छोट्या खोल्या, प्रत्येकीत वेगळा माणूस, वेगळा प्रश्न, वेगळे मार्क. दारावर कागद लावलेला असतो, तो वाचायला दोनेक मिनिटं, मग बेल, आत जायचं, सहा ते आठ मिनिटं बोलायचं, परत बेल, पुढचं दार. २०२० नंतर बऱ्याच मेडिकल स्कूलनी हे ऑनलाइन नेलं, पण घाट तोच. एक खोली बिघडली तरी पुढच्या खोलीतल्या माणसाला त्यातलं काही माहीत नसतं, हे सईला नक्की सांगा, अबोल मुलांना याचा फार आधार वाटतो. जुन्या पद्धतीचा, एकाच माणसासमोर बसायचा इंटरव्ह्यूही पुष्कळ ठिकाणी आहे अजून, आणि काही शाळा दोन्हीची खिचडी करतात.

मी काही वर्षं अशा खोलीत बसलेय, पलीकडच्या बाजूला. खरे प्रश्न सांगता येत नाहीत, सही करून दिलेली असते, म्हणून एक माझाच रचून सांगते. दारावरचा कागद असा: तुम्ही हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर आहात. ७४ वर्षांच्या आजी ॲडमिट आहेत, त्यांना फक्त मराठी येतं आणि तुम्हालाही मराठी येतं. डॉक्टर आत यायच्या आधी आजींचा मुलगा तुम्हाला बाजूला घेतो आणि म्हणतो, रिपोर्टमध्ये कॅन्सर आलाय, पण आईला "गाठ आहे, औषधाने विरघळेल" एवढंच सांग. काय कराल?

आता एक मुलगा आत येतो. हुशार आहे, दिसतंच. बसल्या बसल्या सुरू करतो, एथिक्सची चार तत्त्वं आहेत, पेशंटची स्वायत्तता, भलं करणं, इजा न करणं, न्याय. चारही घडाघडा. स्वायत्तता महत्त्वाची म्हणून आजींना खरं सांगायला हवं. धन्यवाद. घड्याळात दोन मिनिटं झालीत. मग मी विचारते, मुलगा म्हणतोय आईला आधीच एक अटॅक येऊन गेलाय, हे ऐकून तिला काही झालं तर? तो परत स्वायत्ततेवर येतो, फक्त आवाज थोडा वाढवून. मी जरा वेगळं विचारते, तो परत तेच. उरलेली चार-पाच मिनिटं आम्ही दोघंही त्रासात काढतो.

मग एक मुलगी येते, हळू बोलणारी, मध्ये थांबणारी. ती म्हणते, मला आधी हे कळायला हवं की आजींना स्वतःला किती ऐकायचंय, हे त्यांना कुणी विचारलंय का? काही लोकांना सगळं हवं असतं, काही म्हणतात माझ्या मुलाशी बोला, आणि तसं म्हणणं हाही त्यांचाच निर्णय झाला ना. मग म्हणते, मी मुलाला बसवेन, तो वाईट नाहीये, घाबरलाय. आणि अजून एक, मराठी येतं म्हणून मी इथे दुभाषी व्हावं का, मला मेडिकल इंटरप्रिटिंगचं ट्रेनिंग नाही, हॉस्पिटलला फोनवर किंवा व्हिडिओवर ट्रेंड इंटरप्रिटर बोलावता येतो, मी नर्सला तेच सांगेन. मी अटॅकचा प्रश्न टाकते तर ती म्हणते, हं, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि खरंच थोडा वेळ विचार करते. ही मुलगी बरोबर आणि तो मुलगा चूक असं माझं म्हणणं नाही, दोघांचा निष्कर्ष जवळजवळ एकच आहे. पण एकाने पाठांतर म्हणून दाखवलं आणि एक माझ्यासमोर विचार करत होती, आणि मार्क द्यायच्या कागदावर नेमकी तीच जागा असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येते. हे समोर बसून विचार करणं, कुणी खोडून काढलं तरी न चिडणं, "हे मला सुचलं नव्हतं" असं मोठ्याने म्हणणं, हे काही कुणाच्या अंगात जन्मतः नसतं, सवय लागते. माझं एवढंच म्हणणं आहे की क्लासचं नाव बघू नका, त्या क्लासात सई आठवड्यातून किती वेळा तोंड उघडणार ते बघा. इम्युनॉलॉजीच्या लेक्चर हॉलमध्ये दोनशे मुलं असतील, ती मागून तिसऱ्या रांगेत बसेल, स्लाइड उतरवून घेईल, चांगला ग्रेड आणेल आणि सोळा आठवड्यांत एक वाक्य बोलणार नाही. अबोल मुलीला हे फार सोयीचं असतं, म्हणून तर सांगतेय.

पण याचीच दुसरी बाजू अशी की बायोएथिक्स नाव असलं म्हणजे झालं असंही नाही. तोच विषय एखाद्या ठिकाणी दीडशे जणांत, मल्टिपल चॉइस परीक्षा घेऊन शिकवतात, तसला असेल तर त्यातून तिला त्या पहिल्या मुलाची चार तत्त्वं तेवढी मिळतील. तिला म्हणावं सिलॅबस मागव. गेल्या वर्षीचा बहुतेक वेळा मिळतो, नाहीतर प्रोफेसरला सरळ ईमेल करायचा, लोक उत्तर देतात. बघायचं काय, तर वर्ग वीस-पंचवीसचा आहे का, बोलण्याला मार्क आहेत का, दर आठवड्याला एखादं पान लिहून आणायचंय का, आणि सगळ्यात भारी म्हणजे स्वतःच्या मताच्या विरुद्ध बाजूने लिहायला लावतात का. हे शेवटचं असेल तर डोळे मिटून घ्या. फिलॉसॉफी डिपार्टमेंटचा सेमिनार बहुतेक असा असतो, बायोलॉजी डिपार्टमेंटचा कधी असतो कधी नसतो.

मग सोशिऑलॉजी. हे तुमच्या यादीत नाही आणि सईच्याही नाही, पण ज्युनियर इयरच्या, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या, पहिल्या सेमिस्टरला तिने हेल्थ सोशिऑलॉजी किंवा मेडिकल अँथ्रोपॉलॉजी असं काहीतरी घ्यावं, कारण एमकॅटच्या चार सेक्शनपैकी एक सेक्शन सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचाच आहे, २०१५ पासून, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. पण मला इंटरव्ह्यूच्या बाजूने जास्त सांगायचंय. आपल्या घरांतली मुलं, म्हणजे आईवडील शिकलेले, दोन गाड्या, चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट, या मुलांना एक ठरलेलं उत्तर सापडलेलं असतं: अवेअरनेस. लोक लस का घेत नाहीत, अवेअरनेस नाही. औषध का सोडतात, अवेअरनेस नाही. काही समाजांचा डॉक्टरांवर विश्वास का नाही, अवेअरनेस नाही. मी हे इतक्यांदा ऐकलंय की मला आता त्या शब्दाचीच ॲलर्जी झालीये.

अहो, अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत, टस्कीगी गावी, १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकन सरकारच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसने ३९९ काळ्या पुरुषांचा सिफिलिस नुसता बघत ठेवला. त्यांना आजार काय आहे ते सांगितलं नाही, १९४७ च्या सुमाराला पेनिसिलिन हा ठरलेला इलाज झाला तरी दिलं नाही, आणि हे थांबलं ते पेपरात बातमी फुटली तेव्हा. टस्कीगीचा हा किस्सा ज्या घरात आजोबा नातवंडांना सांगतात त्या घराला अवेअरनेस कमी आहे की जास्त? इतिहास माहीत असलेला मुलगा त्या प्रश्नाला वेगळंच उत्तर देतो, आणि ते गूगलवरून आदल्या रात्री वाचलेलं असलं तर कळतं हो लगेच, पहिल्या उपप्रश्नाला गळून पडतं. सेमिस्टरभर वाचलेलं, त्यावर भांडलेलं, निबंध लिहिलेलं असलं तर ते बोलण्यात आपसूक येतं.

हेल्थ पॉलिसीचंही तसंच. मेडिकेअर आणि मेडिकेडमध्ये फरक काय, हा काही फार अवघड प्रश्न नाही, दोन्ही १९६५ सालचे कायदे, एक मुख्यतः पासष्टीच्या पुढच्यांसाठी आणि केंद्र सरकारचा, दुसरा कमी उत्पन्नवाल्यांसाठी आणि केंद्र-राज्य मिळून चालवतात तो, आणि तरी ३.९ जीपीएवाली मुलं इथे अडखळतात. खरं तर आपल्या मुलांना हे घरीच शिकायला मिळतं, कुणी लक्ष देत नाही इतकंच. तुमच्या सासूबाई आल्यात त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स तुम्ही काढला असेल ना? त्यात आधीपासूनचं बीपी-शुगर कसं बसवलंय किंवा बसवलेलं नाही, ते सईने कधी वाचलंय का? उद्या ग्रीन कार्डवर आल्या तरी मेडिकेअर विकत घ्यायला साधारण पाच वर्षं सलग इथे राहिलेलं असावं लागतं. आणि रात्री छातीत दुखलं तर मात्र इमर्जन्सी रूमने पैसे असोत नसोत तपासून स्थिर केलंच पाहिजे, हा १९८६ चा कायदा आहे. एका आजीभोवती अमेरिकेची अख्खी हेल्थ सिस्टिम दिसते बघा. इलेक्टिव्ह घेऊन यावर पेपर लिहिला तर इंटरव्ह्यूत तिला कुणाचं तरी उसनं उदाहरण शोधावं लागणार नाही.

स्टॅटिस्टिक्स घेणारच असेल, बऱ्याच शाळा मागतात, म्हणून थोडक्यात. एक गणित तुम्हीच करून बघा. आजार हजारात एकाला, टेस्ट ९९ टक्के अचूक, तुमची पॉझिटिव्ह आली, तर आजार असण्याची शक्यता किती? सगळे म्हणतात ९९. हजार लोकांत खरा आजारी एक, तो पकडला जाईल, पण उरलेल्या ९९९ मधल्या एक टक्क्याची, म्हणजे दहा जणांची टेस्ट उगाचच पॉझिटिव्ह येईल, म्हणजे अकरा पॉझिटिव्हमधला खरा एक, नऊ टक्के फक्त. हे रडकुंडीला आलेल्या पेशंटला फॉर्म्युला न वापरता सांगता येणं, हे असतं इंटरव्ह्यूचं स्टॅटिस्टिक्स. घरी सईला म्हणावं आजीला समजावून दाखव, मराठीत.

आता तुमचा नाटकाचा क्लास. अहो, आपण मराठी माणसं नाटकाला नावं कधीपासून ठेवायला लागलो? इम्प्रॉव्ह म्हणजे पाठ केलेलं नाटक नाही, संहिता नसतेच, समोरचा जे बोलेल ते आधी नीट ऐकायचं, ते खरं धरायचं आणि तिथून पुढे न्यायचं. एमएमआयमध्ये एकदोन खोल्यांत खरोखर ॲक्टर बसवलेला असतो, तो चिडलेला शेजारी असतो किंवा जिच्या मांजरावर तुम्ही गाडी घातलीत ती बाई असते, आणि तिथे भाषण देऊन चालत नाही, तो रडतोय तर गप्प बसता यायला हवं. आणखी एक प्रकार असतो, दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवतात, एकाकडे चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद, एकाने सांगायचं दुसऱ्याने काढायचं. ते चित्र कसं आलं याला फार किंमत नसते, गडबडल्यावर एकमेकांशी कसं बोललात ते बघतात. अबोल मुलीने असा क्लास आपणहून निवडला याचा तुम्हाला राग कसा येतो तेच मला कळत नाही, मी तर पेढे वाटले असते. ग्रेडची भीती असेल तर पास-फेलवर घेता येतो का ते ॲडवायझरला विचारा, हा तिचा सक्तीचा विषय नाही त्यामुळे तसं चालायला हरकत नसावी. सक्तीचे सायन्स विषय मात्र कधीही पास-फेलवर घ्यायचे नाहीत.

पब्लिक स्पीकिंगचा क्लास घ्यावा का असं पुढचं पत्र येईलच, म्हणून आत्ताच सांगते, घेतला तर वाईट नाही, पण तो आपल्या वक्तृत्व स्पर्धेच्या वळणाचा असेल तर सोडा. आदरणीय व्यासपीठ, हात वर, आवाज खाली, टाळ्या. मी शाळेत ढीगभर बक्षिसं मिळवली त्यात, आणि इथे आल्यावर ते सगळं विसरायला मला चार वर्षं लागली.

मग इम्युनॉलॉजीत वाईट काय? काहीच नाही, तिला आवडत असेल तर नक्की घेऊ दे, ज्या विषयावर डोळे चमकतात त्यावर बोलताना अबोल माणूसही सुटतो. पण ऑर्गॅनिक टू आणि फिजिक्स, दोन्हीच्या लॅब, आणि त्यावर अजून दोन जड सायन्स, हे एका सेमिस्टरला चार पोळ्या एका तव्यावर टाकल्यासारखं होईल, एकही नीट भाजणार नाही. आणि इथे एक नियम आपल्या लोकांना माहीत नसतो: कॉलेज म्हणेल की विषय परत घेतला तर जुना ग्रेड पुसला जातो, पण मेडिकल स्कूलचा जो मुख्य अर्ज आहे, एएमकॅस, त्यात दोन्ही ग्रेड मोजतात. सायन्सचा जीपीए वेगळा काढतात, एकदा तिथे सी पडला की तो सोबत येतो. त्यामुळे क्रम असा धरा, सक्तीच्या सायन्सला धक्का लागणार नाही एवढंच ओझं, त्यातून उरलेल्या जागेत बोलायला लावणारे वर्ग. सेमिनारमध्ये एखादा बी-प्लस आला तर कुणी मरत नाही. जेनेटिक्स ज्युनियर इयरला बायोकेमिस्ट्रीच्या आगेमागे घेतलं तर एमकॅटलाही ताजं राहील.

छोट्या सेमिनारचा अजून एक फायदा कुणी सांगत नाही. बऱ्याच शाळांना शिफारसपत्रं लागतात, त्यात साधारणपणे दोन सायन्सच्या प्रोफेसरांची आणि एक सायन्सबाहेरच्या प्रोफेसरचं. ते तिसरं पत्र मिळवताना मुलं रडकुंडीला येतात, कारण सायन्सबाहेरच्या कुठल्याही प्रोफेसरला त्यांचं तोंडसुद्धा आठवत नसतं. वीस जणांच्या वर्गात दर आठवड्याला वाद घालणारी मुलगी आठवते.

तुमच्या मंडळातल्या त्या मुलाबद्दल मला काही माहीत नाही आणि तुम्हालाही खरं कारण माहीत नसणार, तीन इंटरव्ह्यूनंतर नकार येणं इथे काही नवल नाही, पुढच्या वर्षी परत अर्ज करून लागलेली मुलं मी पाहिलीयेत. त्याची गोष्ट सईच्या ताटात वाढू नका. वेळेचा हिशोबही बघा: ज्युनियर इयर संपताना जूनच्या सुमाराला अर्ज जातो आणि इंटरव्ह्यू सीनियर इयरच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून पुढे हिवाळाभर चालतात, म्हणजे तिच्याकडे दीड-पावणेदोन वर्षं आहेत, आणि आता बरीच मुलं मध्ये एखादं गॅप इयरही घेतात. तासाला शेकड्यांनी डॉलर घेणारी मॉक इंटरव्ह्यूची पॅकेजं आत्ता अजिबात घेऊ नका, सोफोमोरला त्यातून घोकलेली उत्तरं तेवढी मिळतील. (एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांच्या आयांनी हे वाचत असाल तर तुमचं गणित वेगळं आहे, बऱ्याच मेडिकल स्कूल इंटरनॅशनल विद्यार्थी घेतच नाहीत, आधी ती यादी बघा, मग इलेक्टिव्ह.)

एक प्रश्न मात्र जवळजवळ प्रत्येक इंटरव्ह्यूत येतो आणि त्याला कुठलाच कोर्स नाही: डॉक्टर का व्हायचंय? "लोकांची सेवा" म्हटलं की समोरचा विचारतो मग नर्स का नाही, शिक्षिका का नाही. मला इथे नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं होतं, तेव्हा अठराही पूर्ण नव्हत्या. लोक त्यांना जे जे विचारत होते, अमेरिकेलाच का, इथे शिकायची सोय नाही का, एकटीच का, परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का, ते एकेक प्रश्न त्यांनी स्वतःच पुढे मांडून त्याला उत्तरं दिली. टोमणेच होते ते बहुतेक, पण त्यांनी ते प्रश्न म्हणून घेतले. आणि इथे उतरल्यावर पहिल्यांदा राहिल्या कुठे तर न्यू जर्सीतच, रोझेलला, तुमच्या एडिसनपासून फार लांब नाही. सासूबाईंना एकदा घेऊन जा त्या बाजूला.

सासूबाईंवरून आठवलं. तो दारावरच्या कागदाचा प्रश्न आहे ना, आजींना खरं सांगावं का, तो सईला त्यांनाच विचारू दे. आजी, तुझ्या बाबतीत असं झालं तर तुला किती सांगायचं, आधी कुणाला सांगायचं. शनिवारी दुपारी जेवणं झाली की विचारायला सांगा, घाई करायची नाही, मध्ये बोलायचं नाही, आजी भडकल्या तरी ऐकून घ्यायचं. आणि ताई, तुम्ही तेवढा वेळ आत भांडी आवरत बसा, बाहेर येऊन तिच्या वतीने बोलू नका.